कपावर काय लिहू?

"पाटील," मी हाक मारली आणि सात माणसं उठली.

सातही जण काउंटरपाशी आले. कप एकच. पहिल्यानं तो उचलून लगेच तोंडाला लावला आणि उरलेल्या सहांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू त्यांची कॉफी मीच पिऊन बसलोय. त्यातले शिरोळचे पाटील म्हणाले, कुठले पाटील ते सांगायचं की. मी म्हटलं, कंपनीच्या नियमात गाव बसत नाही. ते म्हणाले, मग कंपनीला म्हणावं पाटलांच्या नादाला लागू नको.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात, राजारामपुरीत एका परदेशी कंपनीनं कॉफीचं दुकान काढलं होतं. कंपनी मेलबर्नची, दुकानं सतरा देशांत, आणि आता त्यांना बघायचं होतं की मुंबई-पुणं सोडून लहान शहरात आपली कॉफी खपते का. जे गाव गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारेचं दूध पितं, त्या गावाला हे कागदाच्या कपात काळी कॉफी पाजणार होते. कंपनीचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पाटीवर लांब चोचीचा पांढरा पक्षी होता, म्हणून सगळं गाव दुकानाला 'बगळा' म्हणायला लागलं. कुठं हायस? बगळ्यात. झालं.

मी तिथं काउंटरवर. वय अडतीस. त्याआधी बारा वर्षं मी रिक्षाला कर्णा बांधून गावभर ओरडत फिरलोय. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, जत्रेत कुणाची आत्या चुकली, सगळं गावाला माझ्या तोंडून कळायचं. मुलाखतीत कंपनीच्या बंगळूर ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, तुमच्यात खास काय आहे. मी एकदा ओरडून दाखवलं. शेजारी बसलेल्या मॅनेजर म्हणाल्या, हे हवेत. नोकरी लागली.

पहिला घोळ माझ्याच नावानं घातला. माझं नाव बाळासाहेब चौगुले. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, सगळीकडं बाळासाहेब. आणि कंपनीचा नियम असा की इथं कुणी कुणाला सर, मॅडम, साहेब म्हणायचं नाही. लहान-मोठा भेद नको, सगळे सारखे. त्यामुळं बंगळूरहून माझ्या छातीवर लावायचा बिल्ला आला तो नुसता 'बाळा'. अडतिसाव्या वर्षी मी बाळ झालो. आई म्हणाली, बारशाला जेवून गेलेल्या लोकांना आता काय सांगायचं.

गिऱ्हाइकांनाही तोच कायदा. पहिलं नाव विचारायचं, मार्करनं कपावर लिहायचं, कॉफी झाली की मोठ्यानं हाक मारायची. नुसतं नाव. काका नाही, दादा नाही, वहिनी नाही. यानं म्हणे गिऱ्हाईक आपलं होतं. प्रत्येक कपाचा फोटो काढून बंगळूरला पाठवायचा आणि शंभरांतल्या किती कपांवर नाव आहे त्यावर दुकानाला गुण. पहिल्या महिन्यात आमचे गुण चौदा. अख्ख्या आशियात शेवटचा नंबर.

चौदाच का, तर आमच्याकडं अनोळखी माणसानं नाव विचारलं की आधी उलटा प्रश्न येतो, का? एकानं विचारलं, ही पोलीस चौकी आहे का. दुसरे म्हणाले, नाव कशाला, सोयरीक काढताय काय. बायका नवऱ्याकडं बघायच्या, नवरे मेनूकडं. आणि जे नाव सांगायचे ते पाटील.

त्यात डी. बी. सरांचं प्रकरण झालं. हे हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. निम्म्या राजारामपुरीनं त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्यात. त्यांनी शिस्तीत स्वतःचं नाव सांगितलं, दत्तात्रय. कॉफी करायला शर्वरी होती, तिनं नियमाप्रमाणं हाक मारली, "दत्तात्रय."

कोपऱ्यात एक फौजदार बसले होते, सरांचे विद्यार्थी, ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. सर हळूहळू आले, कप घेतला आणि म्हणाले, "अशी हाक माझ्या आईनंतर तूच मारलीस गं." शर्वरी आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं, मशीनवर उभी राहीन, फरशी पुसेन, पण हाक मारणार नाही.

मॅनेजर होत्या रोहिणी मगदूम. सत्तावीस वर्षांच्या, कळंब्याच्या, एका सहकारी बँकेतली पर्मनंट नोकरी सोडून आलेल्या. आमच्याकडं माणूस एक वेळ बायको सोडेल, पण बँकेतली पर्मनंट नोकरी सोडत नाही. त्यांच्या वडलांची अख्खी नोकरी उभ्यानं झालेली. मुलीला बसायला खुर्ची मिळाली, डोक्यावर पंखा मिळाला, याचं त्यांना कोण कौतुक. ती खुर्ची सोडून मुलगी उभं राहून कॉफी विकायला लागली, त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नव्हते. एकाच घरात, महिनोन्महिने. काही सांगायचं झालं की बायकोला सांगायचे, तिला म्हणावं जाताना फाटकाला कडी लाव. आणि ती समोरच पोहे खात बसलेली असायची.

हे सगळं मॅडमनी मला एकदा दुकान आवरताना सांगितलं होतं. बंगळूरनं मुदत दिली होती, सहा महिन्यांत गुण साठाच्या वर गेले नाहीत तर दुकान बंद. "दुकान बंद म्हणजे अण्णा बरोबर," त्या म्हणाल्या, "आणि मी जन्मभर चूक. मग ते बोलतील माझ्याशी. पण काय बोलतील ते मला ऐकायचं नाही, बाळूदादा."

बाळूदादा त्या चोरून म्हणायच्या. नियमानं 'बाळा' म्हणायला हवं होतं, पण अकरा वर्षांनी मोठ्या माणसाला बाळा म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. मलाही त्यांना नुसतं रोहिणी म्हणवेना, आणि मॅडम म्हणावं तर नियम मोडतो. म्हणून गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना "अहो" अशी हाक मारायचो. त्यानं लोकांचा भलताच समज व्हायला लागला, मग तेही बंद केलं.

आता माझा स्वभाव असा आहे की नियम दिसला की त्याला मागून टपली मारावीशी वाटते. एका सोमवारी एक गृहस्थ आले, सारखे घड्याळ बघत होते. नाव विचारलं तर म्हणाले, नाव राहू द्या, आधी कॉफी द्या. मी कपावर लिहिलं, 'घाईचे पाव्हणे', आणि कर्ण्याच्या आवाजात हाक मारली. गृहस्थ आले, कप फिरवून वाचला, आणि ज्याला घाई होती तो माणूस पाऊण तास दुकानात बसून सगळ्यांना कप दाखवत राहिला. दुसऱ्या दिवशी तीन मित्र घेऊन आला. म्हणाला, यांच्यावर काय लिहिताय बघू.

मग मी सुटलो. दोन साडू एकत्र यायचे, त्यांच्या कपांवर 'एक नंबर साडू' आणि 'दोन नंबर साडू' लिहिलं, तर कोण एक आणि कोण दोन यावरून त्यांच्यात आठवडाभर वाद चालला आणि त्या आठवड्यात ते रोज आले. पाटलांची सोय लावली. 'शिरोळचे पाटील', 'लग्नाळू पाटील', 'कधी न हसणारे पाटील'. हे शेवटचे पाटील कप वाचून हसले, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव बदलावं लागलं. डी. बी. सरांच्या कपावर लिहिलं 'पाढे पाठ करून घेणारे सर', आणि शर्वरीला म्हटलं, मार आता हाक. तिनं मारली. सरांनी कप घेतला, खिशातून लाल पेन काढलं आणि माझं शुद्धलेखन तपासलं.

लोक कॉफी प्यायला येत नव्हते, आज आपल्यावर काय लिहिलंय ते बघायला येत होते. पण येत होते ना.

मॅडमना आठव्या दिवशी कळलं. कचऱ्याच्या डब्यातून चार कप काढून त्यांनी माझ्यासमोर ओळीनं मांडले. "नाव लिहायचं असतं. हे काय आहे?" मी म्हटलं, आपल्याकडं यालाच नाव म्हणतात, दाखल्यावरचं असतं ते शाळेसाठी. त्या चिडून काहीतरी बोलणार, एवढ्यात बंगळूरचा फोन आला की तुमचे गुण अठ्ठ्याऐंशी झालेत. तिथं मोजणारं यंत्र फक्त कपावर काही लिहिलंय का ते बघायचं, काय लिहिलंय ते कुणीच वाचत नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी त्यांना त्यांचा कप दिला. त्यावर लिहिलं होतं 'चारला गायब होणाऱ्या मॅडम'. कारण रोज दुपारी चार ते साडेचार त्या आतल्या खोलीत दार लावून बंगळूरशी मीटिंग करायच्या. म्हणाल्या, बंद करा हे दोन दिवसांत. पण कप टाकला नाही, धुऊन टेबलाच्या खणात ठेवला.

आणि मी बंद केलं नाही.

एक कप मात्र मी रोज कोरा ठेवायचो. चारच्या ठोक्याला एक म्हातारबाबा यायचे. खादीची टोपी, काखेत छत्री. नोट उभी घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरलेली. रांग असली की पुढच्यांना सांगायचे, "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय." नाव विचारलं की एकच उत्तर, "नावाचं काय करायचंय. सगळ्यात लहान कॉफी द्या." मग रस्त्याकडची खिडकी सोडून भिंतीकडं तोंड करून बसायचे. भिंतीवर काय, तर आम्हा कर्मचाऱ्यांच्या फोटोंचा बोर्ड. काढा घ्यावा तसं तोंड करून कॉफी संपवायचे आणि चार पंचवीसला उठायचे. एका मिनिटाचा फरक नाही. त्यांच्यावर मी काही लिहीत नव्हतो त्याला कारण होतं, ते येईल पुढं.

दोन महिन्यांत आमचे गुण सत्त्याण्णव झाले. आशियात पहिला नंबर. आणि तिथंच फसलो, कारण शेवटच्या नंबराकडं कुणी बघत नाही, पहिल्याकडं सगळे बघतात. सिंगापूरहून निरोप आला की आशियाचे प्रमुख केल्विन ओंग स्वतः येतायत. नव्या नऊ देशांत दुकानं निघणार होती, आणि कोल्हापूरनं हे कसं केलं ते त्यांना तिथं शिकवायचं होतं.

मॅडमना रात्रभर झोप नाही. मला मस्त लागली.

केल्विन आले बुधवारी दुपारी अडीचला. पंचेचाळिशीचे, सडपातळ, पाठीला स्वतःची सॅक. बरोबर बंगळूरचे हेगडे. एप्रिलच्या उन्हात टाय. मी केल्विनना कॉफी दिली, त्यांच्याही कपावर लिहिलंच होतं. त्यांनी कप निरखून बघितला, मला हसून थँक्यू म्हटलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ते सगळं बघत राहिले. दुकान भरलेलं. मी हाका मारतोय, लोक कप वाचून एकमेकांना दाखवतायत, साडू भांडतायत. तासाभरानं केल्विन उठले, टेबलांवरचे आठ-दहा रिकामे कप गोळा केले आणि काउंटरवर आणून ठेवले. बोलणं इंग्रजीत होतं. मला इंग्रजी रिक्षाच्या सीटइतकंच येतं, बसण्यापुरतं.

त्यांनी एक कप उचलून विचारलं, याचं नाव काय?

"सुरेश," मी म्हटलं. कपावर होतं 'दारात उसाचा ट्रॅक्टर लावणारे'.

हे? महेश. हे? दिनेश. पाचव्या कपाला त्यांनी विचारलं, सुरेश लिहायला इतकी अक्षरं का लागतात? मी म्हटलं, आमच्याकडं मान देऊन लिहितात.

केल्विन फसले असते की नाही कोण जाणे, पण हेगडे शाळेत हिंदी शिकलेले निघाले. त्यांनी एक कप हातात घेतला आणि अक्षरं जुळवत वाचलं, "दोन, नंबर, साडू." मग दुसरा वाचला. तिसरा वाचला. त्यांचा चेहरा टायसारखा ताठ झाला. ते केल्विनना म्हणाले, यातलं एकही नाव नाही. दोन महिने खोटे आकडे आलेत.

मी तोंड उघडणार होतो. त्याआधी मॅडम पुढं आल्या.

"दुकान माझं आहे," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. मी चालू दिलं. बाळाचा काही दोष नाही."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'बाळा' म्हटलं होतं, आणि ते नियमासाठी नव्हतं. मला आयुष्यात फार कमी वेळा लाज वाटलीय. तेव्हा वाटली.

हेगडेंनी त्यांना सांगितलं, दोन महिन्यांची सगळी कागदपत्रं आतून घेऊन या. पुढचं काय ते सांगायची गरज नव्हती. मॅडम आत गेल्या, दार लागलं. मी घड्याळाकडं बघितलं. चारला दोन मिनिटं कमी.

केल्विन अजून माझ्याकडंच बघत होते. चिडले नव्हते, पण हसतही नव्हते. म्हणाले, नियम काय आहे ते तुम्हाला येतं ना? मग एकदा माझ्यासमोर नियमानं करून दाखवा. आता दारातून जे गिऱ्हाईक येईल त्याच्यावर.

दार उघडलं. खादीची टोपी, काखेत छत्री.

"पुढं सरका," म्हातारबाबा टाय लावलेल्या हेगडेंना म्हणाले. हेगडे सरकले.

मी कप घेतला, मार्करचं टोपण काढलं आणि विचारलं, "नाव काय लिहू?"

"रोज विचारतोस, रोज सांगतो. नावाचं काय करायचंय."

केल्विन बघतायत. हेगडे बघतायत. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजतंय. मी कपावर लिहिलं, शर्वरीला दिला. कॉफी आली. बाबा जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी छाती भरून श्वास घेतला. जत्रेत कुणी चुकलं की जशी हाक द्यायचो ना, साऱ्या पटांगणात पोचणारी, तशी दिली.

"रोहिणीचे बाबा..."

आतलं दार उघडलं. मॅडम हातात फाइल घेऊन उभ्या.

आता सांगतो. बाबा यायला लागले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात ते छत्री विसरून गेले होते. मी ती घेऊन स्टॉपपर्यंत पळालो, तर बसचा कंडक्टर त्यांना म्हणत होता, मगदूम अण्णा, बसा की, तुम्ही उभं कशाला, जन्मभर कंडक्टरकी केलीत. मी छत्री दिली आणि नुसता हसलो. म्हातारा समजला. माझं मनगट असं धरलं की अजून आठवतं. म्हणाले, तिला सांगायचं न्हाई, शब्द दे. मी दिला. मग थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, त्यांनी विचारलं की ती आत कधी असते. तोपर्यंत म्हणे ते बाहेरून काचेतून बघायचे आणि ती नसली तरच यायचे. चार ते साडेचार ही वेळ त्यांना मीच सांगितली होती.

तर शब्द दिला होता, तिला सांगणार नाही. मी तिला काहीही सांगितलं नाही. कंपनीचा नियम आहे, कपावर असेल ते मोठ्यानं वाचायचं.

मगदूम अण्णा उठले. पळून जायला वाट नव्हती, दाराशी साडू उभे होते. ते काउंटरपाशी आले. मॅडमही आल्या. दोघांच्या मध्ये तो लहानसा कप. सगळं दुकान ऐकत होतं आणि ऐकत नसल्यासारखं करत होतं, आमच्या गावाला ते छान जमतं.

अण्णांनी कप उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. सात महिन्यांनी मुलीशी बोलायचं तर काय बोलावं? माणसाला सुचेल तेच बोलले.

"कडू करता तुम्ही. रोज कडू असती."

"रोज?" मॅडम म्हणाल्या.

अण्णांनी घाईघाईनं दुसरा घोट घेतला, पण एवढ्याशा कपामागं तोंड कितीसं लपणार. कानापर्यंत लाल झाले होते. मॅडमनी फाइल काउंटरवर ठेवली, साखरेच्या चार पुड्या घेतल्या, त्यांच्या कपात एकेक करून ओतल्या आणि लाकडी काडीनं ढवळत राहिल्या. किती वेळ ढवळत होत्या. अण्णा म्हणाले, "पुरे की आता," आणि मग माझ्याकडं बघून, "ह्याला कामावर ठिवला कुणी?"

"तुमच्या मुलीनं," मी म्हटलं.

केल्विननी हेगडेंना विचारलं, त्यानं काय हाक मारली? हेगडेंनी सांगितलं. केल्विननी बोर्डावरचा मॅडमचा फोटो बघितला, मॅडमना बघितलं, अण्णांना बघितलं. मग म्हणाले, "मेलबर्नला हा नियम लिहिला तेव्हा मी त्या खोलीत होतो. माझ्या आईचं नाव मला शाळेचा फॉर्म भरताना कळलं. सगळी बिल्डिंग तिला माझ्या थोरल्या भावाची आई म्हणायची. मला त्या खोलीतच बोलायला हवं होतं. मी गप्प बसलो, सगळे माना हलवत होते."

हे मॅडमनी मला मराठीत सांगितलं, कारण माझं इंग्रजी तोवर सीटवरून खाली पडलं होतं.

मग केल्विननी स्वतःचा कप पुढं केला आणि विचारलं, माझ्यावर काय लिहिलंयस? आणि यावेळी सुरेश म्हणू नकोस.

मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी वाचलं, डोळे मिटले, आणि सांगून टाकलं. कपावर होतं 'लांबचे जावई'. त्याचा अर्थही त्यांनाच सांगावा लागला. म्हणजे असा माणूस की जो येणार म्हटलं की सगळं घर दोन दिवस आधीपासून घाबरतं, त्याला खायला-प्यायला काय द्यावं कळत नाही, आणि तो कधी कशावरून रुसेल याचा नेम नाही. केल्विन इतके हसले की हेगडेंनाही हसावं लागलं. वरिष्ठ हसल्यावर हसायचं नाही असा नियम कंपनीत नव्हता.

शिक्षा झाली, नाही असं नाही. आमचे दोन महिन्यांचे गुण शून्य केले. मला लेखी समज मिळाली, ती मी फ्रेम करून घेतलीय. पण दुकानाला आणखी सहा महिने मिळाले, आणि मॅडमना काम मिळालं की गिऱ्हाइकाला हाक कशी मारायची यावर अर्धं पान लिहून पाठवा. ते अर्धं पान त्यांनी अण्णांबरोबर बसून लिहिलं. पुढच्या वर्षी कंपनीच्या पुस्तकात ते छापून आलं, सतरा भाषांत. त्यात एवढंच आहे की ज्या गावात दुकान आहे तिथं माणसाला ज्या नात्यानं, ज्या मानानं बोलावतात, तसं बोलावावं, आणि कळत नसेल तर तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. मॅडम आता इंडोनेशियात असतात, दुकानं उघडून देतात. दोन वर्षांपूर्वी फोनवर म्हणाल्या, इथले लोकही नाव सांगायला लाजतात, बाळूदादा, तुम्ही हवे होता. मी म्हटलं, तिकीट पाठवा.

मी अजून बगळ्यातच आहे. पण त्या बुधवारचं एक सांगायचं राहिलं. खरं म्हणजे गुरुवारचं.

दुसऱ्या दिवशी अण्णा चारला आले नाहीत. साडेअकराला आले, भर गर्दीत, मॅडम काउंटरवर असताना. मॅडमनी विचारलं, "अण्णा, कपावर काय लिहू?" ते म्हणाले, माझं राहू दे, तो मार्कर इकडं दे आणि एक रिकामा कप. तिकिटाच्या मागं लिहावं तसं कप हातावर धरून, उभ्या उभ्या, त्यांनी काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, तुझ्यावर कधी कुणी लिहिलं न्हाई ना? घे.

वळणदार, जुन्या शाळेतलं अक्षर. 'शब्द मोडणारे बाळासाहेब'.

मी म्हटलं, अण्णा, मी शब्द मोडला नाही, तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, ते मला म्हाईत हाय. मग तो बिल्ल्यावरचा 'बाळा' त्यांनी दोन बोटांनी झाकला आणि मागच्या माणसाला म्हणाले, "चला, पुढं सरका."